बिना-जीचं प्रोटीन

आमच्या कंपवाताच्या रुग्णांच्या मंडळात दोन गोष्टी हमखास सांडतात: चहा आणि किस्से. चहा कमी सांडावा म्हणून कप अर्धाच भरतात. किश्शांना असा काही उपाय सापडलेला नाही.

दर रविवारी आम्ही बदलापूर गावातल्या विहाराच्या हॉलमध्ये जमतो. मी, आई, आणि ज्यांच्यासाठी जायचं ते बाबा. बाबा आनंदनगरच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. मशीनच्या वर त्यांचा आवाज चढायचा. आता तो बसत चाललाय. डॉक्टर म्हणाले, "बोलते ठेवा, नाहीतर आवाज जाईल." आईने तेव्हापासून धास्तीच घेतलीय.

*

माझी धाकटी बहीण प्रज्ञा लॅबमध्ये जी प्रोटीनच्या एका जीनवर काम करते. एकदा तिने मंडळाला समजावलं, "पेशीच्या दाराला बेल असते. ती वाजली की आतून ओ देऊन निरोप पुढे पोचवणारं कुणीतरी लागतं. ते जी प्रोटीन."

मंडळातले उल्हासनगरचे कापडवाले लछूशेठ खूश! "वा! हम कस्टमर को जी बोलते हैं, तुम्ही प्रोटीनला पण जी?"

"शेठ, तो इंग्रजीतला जी."

"अंग्रेज पण इज्जत देतात? अच्छा है!"

*

पुढच्या रविवारी शेठ प्रोटीन पावडरचा डबा घेऊन हजर. "पूरा मार्केट फिरलो. जी वाला नाही मिळाला. बिना-जी चालेल?"

सगळ्यांनी दुधातून घेतलं. अर्धाच कप.

*

"आणि तो जीन बिघडला तर?" आईने प्रज्ञाला विचारलं.

"बेल वाजते, पण आतून कुणी नीट ओ देत नाही. मग काहींचे हातपाय थरथरतात, आखडतात. बाबांचं तेच असेल असं नाही हं."

"तेच आहे," आई म्हणाली. "लग्नापासून हाका मारतेय मी!"

*

एकदा बाबांनी कष्टाने विचारलं, "माझ्यासाठी औषध निघेल?"

प्रज्ञा खोटं बोलत नाही. "तुमच्या वेळेत बहुतेक नाही, बाबा."

बाबांनी जरा विचार केला. "मग घाई करू नको. माल नीट काढ."

मी कप विसळायच्या निमित्ताने बाहेर गेलो आणि रडलो.

*

आवाजाचा व्यायाम म्हणून शेठ हजेरी घेतात. नाव पुकारलं की "हजर!" असं ओरडायचं. गेल्या महिन्यात बाबांनी ओठच उघडले नाहीत. शेठने पुन्हा पुन्हा पुकारलं. आई घाबरली.

"अहो!"

हॉलमधल्या सगळ्या नवऱ्यांनी वळून बघितलं. बाबा सोडून.

"भाभी, नाव घ्या ना! अहो तर सगळेच आहेत!"

उखाण्याशिवाय आईने बाबांचं नाव कधी घेतलेलं नव्हतं. तिने पदर सारखा केला, डोळे मिटले आणि कारखान्याच्या भोंग्यासारखी ओरडली, "यशवंत!"

बाबांनी हळूहळू मान वर केली. आईकडे बघितलं. ओठ थरथरले.

"जी!" बाबा म्हणाले.