जे यंत्र तिकडे विकत नाहीत

राजापूरहून निघालेली एसटी सकाळी ठाण्यात खोपटच्या डेपोत शिरली तेव्हा माझ्या पिशवीत दोन लुगडी, आंबापोळीचा पुडा आणि एक चारपानी पुस्तिका होती. पुस्तिका करवतयंत्राची. शेवटच्या पानावर बारीक इंग्रजी अक्षरांत छापलं होतं की हे यंत्र पुढील देशांत विकू नये, आणि खाली सहा-सात देशांची नावं. त्यात आपला देश नव्हता. त्या देशांत का विकायचं नाही, एवढं विचारायला मी ठाण्याला आले होते.

साल सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी असेल. यजमान कलमांची बाग बघायचे आणि आंब्याच्या पेट्यांचा आमचा छोटा कारखाना मी चालवायचे. ठाण्याच्या एका कारखान्यातून आम्ही विजेवरची गोल करवत मागवली होती. काम झपाट्याने व्हायचं. पण दिवाळीनंतर एका दुपारी वीज गेली, करवत थांबली आणि आमचे सगळ्यांत जुने कामगार गंगारामदादा पात्यात अडकलेली फळी काढायला वाकले. तेवढ्यात वीज आली. बटण चालूच राहिलेलं. करवत आपोआप फिरली आणि दादांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं गेली. त्यानंतर यंत्रापुढे कुणी उभं राहीना, आणि मलाही कुणाला उभं करवेना. इकडे कलमं मोहोरली होती. हातकरवतीने पेट्या पुऱ्या पडणार नव्हत्या.

खोपटला मी घाईत भलत्याच बसमध्ये चढले आणि खाडीकाठच्या कोळीवाड्यापाशी उतरले. समोर एक म्हातारी कोळीण टोपलीत निवट्या (चिखलातले उड्या मारणारे मासे) घेऊन बसली होती. "कुठं जायाचं हाय तुला, बाय?" तिने विचारलं. मी कारखान्यांच्या वसाहतीचं नाव सांगितलं. ती हसली, टोपली शेजारणीकडे सोपवून स्वतः थांब्यापर्यंत आली आणि कंडक्टरला मला कुठे उतरवायचं ते बजावून गेली.

कारखान्यात कर्णिक नावाचे इंजिनिअर भेटले. पन्नाशीचे, सौम्य बोलणारे. पुस्तिका पाहून त्यांनी चष्मा काढला. त्यांनी सांगितलं ते असं : त्या देशांत असा नियम आहे की वीज जाऊन परत आली तर यंत्र आपोआप सुरू होता कामा नये. माणसाने पुन्हा बटण दाबलं पाहिजे. म्हणून तिकडे जाणाऱ्या करवतीला वेगळा खटका बसवतात. साध्या बटणाची करवत तिकडे विकताच येत नाही.

मी म्हटलं, तिकडे तर वीज जातच नसेल. आमच्याकडे दिवसातून तीनदा जाते.

कर्णिकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "बाई, तिकडचे मागतात. इथे आजवर कुणी मागितला नाही."

"मग मी मागतेय," मी म्हटलं.

परदेशी जाणाऱ्या मालाचा सुटा भाग विकायची परवानगी त्यांना नव्हती. पण निरोप देताना त्यांनी एका कागदावर डोंबिवलीच्या शेडचा पत्ता लिहून दिला. ते खटके तिथे जुळवले जात.

दुपारी डोंबिवलीला उतरले. हवेत रसायनांचा आंबूस वास होता, नाकाला पदर लावूनच चालत गेले. शेडमध्ये दहा-बारा बायका ओळीने बसून तारा जोडत होत्या. त्यांच्यातली मुख्य सुमन कांबळे. तिशीची, केसांत पेन खोचलेला. तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि हातातलं काम खाली ठेवलं.

"ताई, मी गेली चार वर्षं हे बनवते. बाहेरगावच्या मशिनीला लागतात एवढंच माहीत होतं. कशासाठी ते आज कळलं."

तिने मला खटका उघडून दाखवला. हिरवं बटण दाबलं की आतली लोखंडी पट्टी चुंबकाला चिकटते. वीज आहे तोवर चिकटून राहते. वीज गेली की चुंबकाचा जोर जातो, पट्टी सुटते, आणि वीज परत आली तरी ती आपणहून चिकटत नाही. सुमन म्हणाली, तुमच्याकडे विहिरीवरच्या पंपाला स्टार्टर असतो ना, त्यातही हेच असतं. मोटार जळू नये म्हणून बसवतात.

मोटारीची काळजी घेतली होती, बोटांची नव्हती. मला ते ऐकून रडू आलं नाही, चीड आली.

शेडमधला माल तिला देता येत नव्हता. पण संध्याकाळी ती मला कल्याणला घेऊन गेली, बाजारातून सुटे भाग घेतले आणि तिच्या चाळीतल्या खोलीत, बुद्धाच्या तसबिरीखाली बसून आम्ही दोघींनी खटका जुळवला. पहिल्यांदा मी तार उलटी जोडली आणि अख्ख्या खोलीचा फ्यूज उडाला. तिच्या आईने मेणबत्ती लावली आणि आधी जेवून घ्या म्हणाली. तांदळाची भाकरी, सुकटाची चटणी. दुसऱ्यांदा मीच जोडलं, आणि बरोबर जोडलं.

दुसऱ्या दिवशी शेडला वीजकपातीची सुट्टी होती. सुमन माझ्याबरोबर ठाण्याला आली. कर्णिकांनी आम्हांला नमुन्याच्या यंत्रापाशी नेलं. कारखान्याचे मालक तिथेच भिवंडीच्या दोन लाकूडवाल्यांना करवत दाखवत होते. कर्णिकांनी त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. मालकांनी घड्याळ पाहिलं, पण नाही म्हणाले नाहीत.

आधी आहे त्या बटणावर करवत चालू केली. सुमनने भिंतीवरचा मेन स्विच पाडला. पातं थांबलं. तिने मेन वर केला आणि पातं घोंगावत उठलं. लाकूडवाल्यांपैकी एकजण मागे सरकला. मग सुमनने आमचा खटका बसवला. मी हिरवं बटण दाबलं, तिने मेन पाडला, वर केला. वरचा दिवा लागला. पातं जागचं हललं नाही. तिने पुन्हा केलं, तिसऱ्यांदा केलं. पातं गप्प.

मी मालकांना गंगारामदादांच्या हाताबद्दल सांगितलं. आवाज चढवला नाही.

मागे सरकलेला लाकूडवाला म्हणाला, "शेठ, आमच्या दोन्ही मशिनी अशाच पाहिजेत. नाहीतर नको."

मालकांनी वाकून तो खटका जवळून पाहिला. मग कर्णिकांना म्हणाले, "यापुढे इथल्या मालालाही हाच बसवा. आणि आधी ज्यांनी मशिनी नेल्यात त्यांना कळवा." कर्णिकांनी माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच मोकळं हसले. बाहेर आल्यावर सुमनने माझा हात एवढ्या जोरात दाबला की बांगडी पिचली. आम्ही दोघींनी रस्त्यावरच उसाचा रस घेतला, दोन-दोन ग्लास.

खोपटला तिने मला गाडीत बसवून दिलं. खटका मी मांडीवर घेऊन आले.

घरी तो मीच बसवला, आणि सुरुवातीला यंत्रापुढेही मीच उभी राहिले. तीन दिवसांनी भर कामात वीज गेली. सगळे यंत्रापासून लांब झाले. वीज आली, दिवा लागला, आणि यंत्र तसंच उभं. गंगारामदादा पुढे झाले, फळी सरळ केली, म्हणाले, "वयनी, आता मी दाबतंय." आणि दुखऱ्या हातानेच त्यांनी बटण दाबलं.

ठाण्यात काय पाहिलंस, असं शेजारणी अजून विचारतात. तिथला मोठा तलाव लांबूनच पाहिला, काठच्या देवळात जायचं राहिलं. पण दोन दिवस हिंडून जे आणलं ते आज आमच्या तालुक्यात अकरा कारखान्यांत आहे, आणि प्रत्येक ठिकाणी ते बसवायला मलाच बोलावलं.