पाटात सांडलेलं तेल

आगबोटीच्या शिडीखाली बाबा उभे होते, तेव्हा त्यांच्या पायात वहाणा होत्या. वाडीत मी त्यांना क्वचितच वहाणा घातलेलं पाहिलं होतं. पानवेलींच्या वाफ्यात पायताण न्यायचं नाही असा आमच्याकडे रिवाज, आणि बाबांचा सगळा दिवस वाफ्यांतच जायचा. मुंबईच्या धक्क्यावर त्या नव्या वहाणांनी त्यांचा अंगठा सोलून काढला होता. आईने बांधून दिलेलं सुकेळ्यांचं, वाळवलेल्या केळ्यांचं, पुडकं त्यांनी माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "पोचलास की पत्र टाक. आई वाट बघेल." स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती. मी एकोणीस वर्षांचा होतो. मोंबासाच्या एका मोटार दुरुस्तीच्या कारखान्यात काम मिळणार होतं. मला रडू वगैरे आलं नाही. शिडी लवकर वर घ्यावी, एवढंच वाटत होतं.

वसईच्या किनाऱ्याकडच्या वाड्यांमध्ये तुम्ही जे मागे राहिलात, त्या तुम्हाला हे वाचून वाईट वाटेल. जे माझ्यासारखे निघून आले, ते समजतील. वाडीतला दिवस रहाटासारखाच होता. बैल त्याच वाटेने फिरायचे, पाणी त्याच पाटाने वाहायचं, आणि पुढच्या आठवड्यात आपण कुठे उभे असू ते मला आधीच ठाऊक असायचं. रस्त्यावरून एखादी मोटार गेली की हातातलं फावडं थांबायचं. आई म्हणायची, "याचं अर्धं चित्त नेहमी रस्त्यावर."

मोंबासात मी पहिली दोन वर्षं फक्त सुटे भाग धुतले. मग फुंदी झालो. इथे मिस्त्रीला फुंदी म्हणतात आणि तेलाला माफुता. माझ्या बोलण्यात हे शब्द कधी शिरले ते कळलंच नाही. क्लच हे माझं आवडतं काम. गिअरबॉक्स उतरवायचा, घासलेली प्लेट काढायची, नवी बसवायची. पण त्याआधी गिअरबॉक्समधलं तेल काढून घ्यावं लागतं, नाहीतर मागचा शाफ्ट सुटला की सगळं अंगावर येतं. गाडी थोडी चालवून तेल गरम करायचं म्हणजे ते नीट वाहतं. दाट, काळं, कुजक्या अंड्यासारख्या वासाचं तेल. ते आम्ही कारखान्यासमोरच्या लाल रस्त्यावर ओतून टाकायचो. धूळ बसायची. सगळेच तसं करायचे.

सहा वर्षांनी रजेवर घरी आलो. वसईच्या बेसीन रोड स्टेशनवर माझा धाकटा भाऊ वसंत लॉरी घेऊन आला होता. लष्कराच्या लिलावातली जुनी लॉरी. तो आणि बाबा तिच्यातून केळी आणि पानं स्टेशनवर आणायचे. माणिकपूर सोडेपर्यंत मला कळलं की तिचा क्लच गेलाय. इंजिन ओरडत होतं आणि गाडी रांगत होती. वसंत म्हणाला, "दादा, चढावर तर उतरून ढकलावी लागते."

"प्लेट मुंबईहून आण," मी म्हणालो. "बाकी मी बघतो."

खरं सांगायचं तर मला ते काम हवंच होतं. घरी आल्याच्या चौथ्या दिवसापासून मला बसवत नव्हतं. बाबांच्या मनात मी परत जाऊ नये असं होतं. तसं त्यांनी स्पष्ट म्हटलं नाही. फक्त एका सकाळी रस्त्यालगतच्या मोकळ्या जागेत मला नेलं आणि म्हणाले, "इथे छप्पर घातलं तर दोन मोटारी उभ्या राहतील." मी हं म्हटलं आणि विषय बदलला.

प्लेट आली. लॉरी विहिरीजवळच्या चिंचेखाली उभी केली, कारण तिथे जमीन सपाट होती आणि सावली होती. पाट तिथून चार हातांवर. बाबा रहाट चालवत होते. मी तेल गरम करून घमेल्यात काढलं, घमेलं काठोकाठ भरलं, आणि ते हाताने बाजूला सरकवून पुन्हा गाडीखाली गेलो. ते उचलून दूर ठेवायला हवं होतं. मोंबासात कधी ठेवलं नव्हतं, म्हणून इथेही ठेवलं नाही.

वसंत आणि मी गिअरबॉक्स खाली घेत होतो. खाली आधाराला लावलेला ओंडका निसटला. गिअरबॉक्स माझ्या छातीवर येऊ नये म्हणून मी जोरात पाय झाडला, आणि तो घमेल्याला लागला. मला इजा झाली नाही. गाडीखालून बाहेर आलो तेव्हा काळं तेल जमिनीवरून सरळ पाटात उतरलं होतं आणि पाण्यावर रंगांचे पट्टे पसरत पानवेलींकडे निघाले होते.

बाबांनी बैल थांबवले. धावत आले, पडलेला केळीचा बुंधा पाटात आडवा टाकला आणि गुडघे टेकून दोन्ही हातांनी चिखल थापायला लागले. मी पुढे झालो तर म्हणाले, "तू वाफ्याकडे जा. तोंडं बंद कर." मी वहाणांसकट धावलो. आत शिरल्यावर ते लक्षात आलं. सगळ्या वाफ्यांची तोंडं बुजवली, पण पहिल्या दोन वाफ्यांत तेल पोचलं होतं.

दुपारभर आम्ही चौघं तिथे होतो. आईने राख आणि भाताचा तूस टोपल्या भरभरून आणला, पाण्यावर टाकला आणि तेल पिऊन काळा झाला की सुपाने उचलून घेतला. दोन वाफ्यांची वरची माती काढली. ती कुठे पुरायची यावर बाबा बराच वेळ विचार करत उभे राहिले. शेवटी जिथून पाणी विहिरीकडे उतरत नाही अशी जागा त्यांनी पायाने दाखवली. तीच ती रस्त्यालगतची मोकळी जागा. तिथे मी खड्डा खणला.

हातपाय धुताना त्यांनी विचारलं, "तिकडे हे तेल कुठे टाकता?"

"रस्त्यावर. धूळ बसते."

"तिकडे तुझी विहीर नाही ना, म्हणून," ते म्हणाले.

रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. विहीर वाचली. त्या दोन वाफ्यांतल्या वेली मात्र आठ-दहा दिवसांत पिवळ्या पडल्या. बाबांनी त्या एकेक करून सोडवल्या, आजारी माणसाचे कपडे काढावेत तशा हळूच. लॉरीचा क्लच मी दुसऱ्या दिवशी पुरा केला होता. हात सोड्याने तीनदा धुऊन प्लेट बसवली, कारण तेलाचा हात लागला तर नवी प्लेटही घसरते. गाडी चढ सहज चढली. वसंत खूश होता. आणि मी रजा संपायच्या तीन आठवडे आधीच्या बोटीने निघालो. कामाचं निमित्त सांगितलं. ते कोणालाच पटलं नाही, आणि कोणी अडवलंही नाही.

मोंबासाला परत आल्यावर मी जुनं तेल डब्यांत भरून ठेवायला लागलो. सुतार लोक लाकडाला वाळवी लागू नये म्हणून ते घेऊन जायचे. कारखान्यात हसायचे मला. मागच्या वर्षी, माझ्याबरोबर काम करणारा जुमा तेलाचं घमेलं घेऊन कारखान्याच्या मागच्या बाजूला निघाला होता, तेव्हा मी त्याच्यावर ओरडलो. कुठल्या भाषेत ओरडलो ते दोन क्षणांनी कळलं. आमच्या वाडवळीत, घरच्या बोलीत, ओरडलो होतो, जी मी इथे कोणाशीच बोलत नाही. जुमाला शब्द कळला नाही, पण तो थांबला. "इथे काही लावलंय का तू?" त्याने विचारलं.

काहीच लावलं नव्हतं. नुसतं गवत होतं. पण त्या क्षणापासून मी त्या गवताकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो, आणि आठवड्याभरात बाबांना पत्र लिहिलं, की मी आता परत येणार नाही, इथे शहराबाहेर समुद्राजवळ एक छोटा शांबा, म्हणजे जमिनीचा तुकडा, घ्यायच्या विचारात आहे. ते पत्र तीनदा फाडलं, चौथ्यांदा टाकलं.

उत्तर वसंतच्या अक्षरात आलं, बाबांनी सांगितलेलं. आई बरी आहे, लॉरी चालते आहे, आणि खाली एक ओळ. "जागा समुद्राजवळ आहे म्हणतोस, तर कागद करण्याआधी विहिरीचं पाणी चाखून बघ, खारं असलं तर घेऊ नको."

रविवारी ती जागा बघायला गेलो. मालकाने बादली ओढून दिली. ओंजळीने प्यालो. पाणी गोड होतं. तिथेच विहिरीच्या काठावर बसलो, आणि पायातल्या वहाणा काढून ठेवल्या.