दिल्लीचं निळं आकाश आणि आमची गच्ची

माझे धाकटे दीर दिल्लीला मोठ्या नोकरीत आहेत. लॉकडाऊन लागला तेव्हा रोज सकाळी त्यांचा व्हिडिओ कॉल यायचा. गॅलरीत उभे राहून ते फोन वर धरायचे.

"पाहून राह्यल्या का वहिनी? आकाश पाहा, आकाश!"

जणू त्यांनीच फडकं घेऊन ते पुसलं होतं. गाड्या बंद, कारखाने बंद, आणि श्रेय मात्र घरात बसलेल्या दिरांचं. "आता लोकायले समजलं," ते सांगायचे, "निसर्ग काय चीज असते!"

आम्ही राजूरला, कोळशाच्या खाणीजवळ; माझा नवरा खाणीतच कामाला. कोळसा अत्यावश्यक, म्हणून आमच्या दारावरचे ट्रक चालूच होते. गच्चीवर कुरड्या घातल्या की दुपारपर्यंत त्यांच्यावर काळी पूड बसायची. एकदा मी फोन रस्त्याकडे फिरवला. ट्रक गेला आणि स्क्रीनभर धूळ झाली.

"खाण चालू हाय?" दीर खूश झाले. "बरं हाय बाप्पा. म्हणूनच इकडं लाइट जात नाही."

निर्बंध उठले आणि निसर्ग समजलेली सगळी मंडळी आपापल्या गाडीत जाऊन बसली. हिवाळ्यात दिल्लीत धूर दाटला. दिरांचे डोळे चुरचुरू लागले, घसा धरला. त्यांनी फोन केला, "महिनाभर गावाकडच्या शुद्ध हवेत राहतो."

याच घरात वाढलेला माणूस! मी नवऱ्याला म्हटलं, "त्यायले सांगा ना इथलं."

"येऊ दे, भाऊ हाय," हे म्हणाले.

पहिल्याच सकाळी दीर पांढरा टी-शर्ट घालून गच्चीवर प्राणायामाला बसले. खाली आले तेव्हा नाकपुड्यांना काजळ घातल्यासारखं दिसत होतं.

"वहिनी, इथं कोणी काही जाळते काय?"

"जाळत नाही भाऊजी. आमी फक्त पाठवतो. जाळतात तुमच्यासाठी."

त्यांना ते विनोदी वाटलं.

आठवडाभरात खोकला इतका वाढला की हे त्यांना मोटारसायकलवर बसवून वणीला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी छाती तपासली.

"राहता कुठं?"

"दिल्लीला."

"मग बरोबर आहे. तिथली हवाच तशी. थोडे दिवस गावाकडं काढा."

हे हसू दाबत भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत बसले म्हणे. दीर मात्र हसले नाहीत. संध्याकाळी धापा टाकत ओट्यावर बसले होते, चेहरा उतरलेला. तेव्हा मला पहिल्यांदा त्यांची दया आली.

"तुमी इथं कशा राहता वहिनी?" त्यांनी विचारलं.

"तुमी नव्हते का राहत लहानपणी?"

ते उठले आणि फोनवर परतीचं तिकीट पाहू लागले.

दिल्लीला पोचल्यावर नातेवाइकांच्या ग्रुपवर त्यांचा मेसेज आला. "गावाकडची हवा आता पहिल्यासारखी राहिली नाही." पुण्यामुंबईच्या सगळ्यांनी त्यावर रडके चेहरे टाकले. यांनी मेसेज वाचला, फोन खिशात घातला, तोंडाला रुमाल बांधला आणि ड्यूटीवर निघून गेले.