व्हिलनचा जुना अर्थ
संत्र्याच्या फुलांचा वास आला, की आमच्या सोनाळ्याच्या मळ्यातलं ते जेवण आठवतं. माझ्या लग्नाची बोलणी करायला मुलीचे वडील बुलढाण्याहून आले होते. कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. भरीत-भाकर खाताना ते हसून बाबांना म्हणाले, "तुम्ही अस्सल व्हिलन!" बाबांचा घास हातातच राहिला. पाहुणे गडबडले. "अहो, जुन्या इंग्रजीत व्हिलन म्हणजे शेतात राबणारा माणूस." बाबांची नजर काही निवळेना. "मंग राबनाऱ्याले बदमाश कोनं केलं?" पाहुणे म्हणाले, "ज्यांच्या शेतात तो राबायचा, त्यांनी." तेव्हा कुठे बाबांनी त्यांच्या पानात आणखी भाकर वाढली. लग्न झालं, पण आजही सासऱ्यांनी इंग्रजीत कौतुक केलं, की बाबा माझ्या कानाशी येतात, "पह्यले जुना अर्थ इचार त्याईले."