निळी बोरिंग

आमच्या वस्तीतल्या हापशीला, म्हणजे आमच्या बोलीत बोरिंगला, सरकारनं एकदा लाल रंग दिला. आधी काही साहेब येऊन बाटलीत पाणी भरून घेऊन गेले. मग बऱ्याच महिन्यांनी एक माणूस ब्रश घेऊन आला, बोरिंग रंगवली, चहा घेतला आणि निघून गेला. लाल म्हणजे पिऊ नका, हे त्यानं कोणाला सांगितलं नाही. सांगायचं काम बहुधा दुसऱ्या खात्याकडे असावं. लोक खूश झाले, की इतक्या वर्षांनी आपल्या बोरिंगची कोणीतरी दखल घेतली.

मग एप्रिल आला. जयंतीला आमची वस्ती निळी होते. कमान, ओटे, खांब, जे जागचं हलत नाही ते सगळं निळं. त्यात मधोमध एकटीच बोरिंग लाल, हे कोणाला खपणार? माझा धाकटा भाऊ मंडळाचा पुढारी. त्यानं स्वतःच्या हातानं, पार दांड्यापर्यंत, निळ्या रंगाचे दोन हात दिले.

मी चामोर्शीला शाळेत शिकवते. जयंतीसाठी घरी आले, तर भावाची पोरगी त्या बोरिंगखाली ओंजळ धरून पाणी पीत होती. बोरिंगला लाल रंग म्हणजे पाण्यात फ्लोराइड, हे मला शाळेत आलेल्या पत्रकावरून ठाऊक होतं. तिचे दुधाचे दात हलायला लागले होते. नवे दात हिरडीखाली तयार होतात तेव्हाच या पाण्यातलं फ्लोराइड त्यांच्यात उतरतं, आणि पुढे हाडांतही. मी पुढे होऊन तिची ओंजळ रिकामी केली.

"हे पानी पोरीले पाजू नको," मी भावाला म्हटलं. "तिचे दात डागाळतीन."

"सरबतासारखं गोड पानी आहे, बाई. दात खर्र्यानं खराब होतात, पान्यानं नाई." एवढं तज्ज्ञ मत देऊन त्यानं हातावरचा सुपारी-तंबाखूचा खर्रा गालात ठेवला.

संध्याकाळी विहारात मी आईबापांना गोळा केलं. ही जयंतीचं भाषण ठोकेल असं समजून सगळे आले होते, पाण्यावर बोलते म्हटल्यावर निम्म्यांचे चेहरे पडले. एक म्हणाला, उकळून पाजू. उकळल्यानं फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून ते दाट होतं, हे सांगितल्यावर तो माझ्यावरच रुसला. दुसऱ्यानं विचारलं, "आमी बी हेच पेलो, आमाले काय झालं?" विचारणारे काका पाय लांब करून बसले होते, कारण त्यांचे गुडघे वाकत नव्हते.

चांगलं पाणी कुठं आहे, हे मात्र सांगावंच लागलं. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या विहिरीत.

मग भाऊ उसळला. "म्हंजे आपली बोरिंग खराब अन् त्याहीची विहीर चांगली? हेच शिकवते का तुही शाळा?"

मलाही ते झोंबलं. ज्या विहिरीला आमच्या आजोबांना हात लावू दिला नाही, तिकडेच परत जा म्हणताना माझी जीभ जड झाली होती. बोरिंग आली तेव्हा वस्तीला पहिल्यांदा कोणाचं तोंड न बघता पाणी मिळालं होतं.

मागून माझी माय बोलली. "तुह्या आज्याले तिथी चढू देत नव्हते. आता कोनी अडवत नाई, तं तुमाले चालाचा कंटाळा येते."

दुसऱ्या सकाळी भावानं गाडीला कॅन बांधले. चेहरा असा, की विहिरीवर उपकार करायला चाललाय. पुढारीच निघाला म्हटल्यावर बाकीच्यांनीही पाण्याचे गुंड, घागरी उचलल्या.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेले, तर तिचा तान्हा भाऊ पाळण्यात होता आणि पोरगी आरशासमोर नवा दात घासत होती. दाताच्या मधोमध तपकिरी रेघ होती.

"बाबा, आता तं आपन विहिरीचं पानी पेतो," ती म्हणाली. "मंग हे कधी जाईन?"

प्रत्येक गोष्टीवर उत्तर असलेला माझा भाऊ अंगणात निघून गेला. सांगायचं काम माझ्याकडे आलं. खोटं बोलावं असं फार वाटलं, पण मी सांगितलं, की ही रेघ जात नाही. तुझ्या लहान भावाला मात्र येणार नाही.

तिनं थोडा विचार केला. "बरं," ती म्हणाली, "मंग मी तोंड बंद करून हासीन." आणि लगेच तसं हसून दाखवलं.