मामांच्या पुढं चालणारी चौकट

असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. पण हे माझ्यासोबतच घडलंय, म्हणून लिहिते.

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका लहानशा ऑफिसात मी काम करते. व्हिडिओत हलणारी वस्तू कॉम्प्युटरनं न हरवता धरून ठेवायची, त्याला ट्रॅकिंग म्हणतात. माणसाभोवती, जनावराभोवती हिरवी चौकट येते आणि ते जाईल तिथं जाते. पण सारख्या दिसणाऱ्या गोष्टी एकमेकींआड गेल्या की चौकट चुकते. ती चूक कमी करायला मेंढ्यांचा कळप हवा होता, म्हणून मी एप्रिलमध्ये सांगोल्याकडे मामांच्या घरी गेले. गच्चीवर कॅमेरा लावला, लॅपटॉप घेऊन ओसरीत बसले. समोर उघडा माळ.

"माजा बी चौकोन दाव की!" मामा म्हणाले. दाखवला. ते हसत हसत कळपाकडे गेले.

दुपार चढली. माळ उन्हात थरथरत होता, मेंढ्या पाण्यावर तरंगल्यासारख्या... डोळे जड झाले होते, पण मी झोपले नव्हते — हे खात्रीनं सांगते. तेव्हा स्क्रीनवर दिसलं, मामांची चौकट मामांच्या पुढं चाललीय. रिकाम्या जागेवर. ती वळली, मग मामा वळले. ती बोरीपाशी थांबली, मग मामा येऊन थांबले. सॉफ्टवेअर पुढचा अंदाज बांधतं, पण माणूस कुठं वळणार हे त्याला कसं कळणार? गंमत म्हणजे भीती वाटलीच नाही. फार शांत वाटत होतं. मी नुसती बघत राहिले.

मग चौकट आडवी झाली. जमिनीलगत. हलेना.

मामा अजून उभे होते, काठीला टेकून.

मी अनवाणीच धावत सुटले. "मामा, खाली बसा! बसा खाली!"

"काय झालं गं?" त्यांनी विचारलं, आणि मी पोचतेय तोवर ते कोसळले. डोकं माझ्या हातांवर आलं. खाली दगडच दगड होते.

शेजाऱ्यांच्या जीपमधून दवाखान्यात नेलं. हार्ट अटॅक. डॉक्टर म्हणाले, लगेच आणलंत म्हणून वाचले.

"तुला कसं कळलं गं?" मामी सारखं विचारत होती.

मामा घरी आल्यावर म्हणाले, "तू वरडत आलीस, मला वाटलं तुलाच इच्चू चावला!"

नंतर ऑफिसात ते रेकॉर्डिंग चौकटींसकट पाहिलं. चौकट पहिल्यापासून शेवटपर्यंत मामांच्या अंगावरच आहे. एकदाही पुढं गेलेली नाही. सर खूश झाले, म्हणाले, "अॅक्युरसी मस्त आलीय."

मी फ्रेमचा खालचा कोपरा बघत होते. तिथून मी आत येते, अनवाणी, हात हलवत, जीव खाऊन धावत... आणि मामा काठीला टेकून उभे आहेत, अगदी बरे, मेंढ्यांकडे बघत.