गावदेवीपुढची अक्षत

आमच्या कामोठ्याच्या सोसायटीत तळमजल्यावर एक निवृत्त राजदूत राहायचे. जन्मभर देशादेशांची भांडणं मिटवलेला हा माणूस सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून हमरीतुमरी झाली तरी अवाक्षर काढत नसे. ‘फुकट पगार खाल्ला यांनी,’ असं मी खुशाल म्हणायचे. मी मुळात फटकळ. पण त्यांचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.

माझं लग्न ठरलं होतं. आमच्यात नवरीच्या मामाला अक्षत द्यायला बापाने स्वतः जायचं असतं. बाबांनी मामाला पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. उरणला मामाचा पारा चढला. लग्नाला येणार नाही, असा त्याने निरोप धाडला.

“मी हॉस्पिटलात होतो तवा आलेला का तो?” बाबा म्हणाले. “मी नाय जानार त्याच्या दारात.”

आई माझ्या लहानपणीच गेली. मंगलाष्टकांच्या वेळी माझ्या पाठीशी निदान तिचा भाऊ उभा असावा, एवढंच मला हवं होतं. रडून झालं, अबोला धरून झाला. बाबा ढिम्म.

शेवटी मी तळमजल्यावरच्या त्या राजदूत साहेबांचं दार वाजवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चूक कोणाची ते विचारलंच नाही. “मामांना कुठली मासळी आवडते?” एवढंच विचारलं. म्हटलं, म्हातारा चळला.

मग साहेब बसने उरणला गेले. मामाच्या ओट्यावर बसले, त्याच्या आवडत्या जिताडा माशाच्या गप्पा मारल्या, जेवले आणि परत आले. लग्नाचा विषयच नाही. पुन्हा गेले, पुन्हा तेच. इकडे लग्न तोंडावर आलेलं आणि मी दातओठ खात होते. पुढचं मला मामानेच नंतर सांगितलं. अखेर न राहवून त्यानेच विचारलं होतं, “साहेब, तुमी पत्रिका द्यालाच येता ना?”

“नाही. माझ्या हातून घेण्यात तुमचा मान नाही. पण ती तुमच्या दारात आली नाही, तर कुठून घ्याल?”

मामा म्हणाला, “गावदेवीपुढून घेन. तिचा मान माज्यापेक्षा मोठा हाय.”

साहेबांनी बाबांना तसंच सांगितलं, काही लपवलं नाही. पहिली अक्षत देवाची असतेच, त्यामुळे बाबांना नाही म्हणता येईना. त्यांनी देवळात जाऊन देवीपुढे अक्षत ठेवली. खांबाशी उभ्या असलेल्या मामाने पुढे होऊन ती उचलली, कपाळाला लावली. कोणी कोणाच्या दारात गेलं नाही. साहेब त्या दिवशी घरीच थांबले. म्हणाले, “मी असतो, तर दोघांनी माझ्याखातर केलं असं झालं असतं.”

लग्नात मामाचे जड हात माझ्या खांद्यांवर होते. ते वजन मला अजून आठवतं आणि दर वेळी मी साहेबांना मनातल्या मनात नमस्कार करते.

गेल्या वर्षी साहेब गेले. त्यांनी घडवून आणलेल्या करारांबद्दल पेपरांत रकानेच्या रकाने आले. मोठमोठ्या गाड्यांनी आमचं गेट भरून गेलं. त्या गर्दीत बाबा आणि मामा एकाच स्कूटरवरून आले, बाबा चालवत होते, मामा मागे. स्कूटर कुठे लावायची यावरून दोघांची जुंपली.

मी मध्ये पडले नाही.